मॅजिस्ट्रेटच्या मुलाखतीत निकाल सांगायचा नसतो

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे नाशिकचे, आता इंग्लंडात रेडिंगला राहतात. वय ४१, आयटीत नोकरी, पासपोर्ट भारतीय, इथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली. त्यांना बिनपगारी मॅजिस्ट्रेट व्हायचंय, म्हणजे आपली नोकरी सांभाळून इथल्या खालच्या कोर्टात केसेसचा निकाल देणारा साधा नागरिक. मला ताई म्हणून त्यांनी विचारलंय : मुलाखतीत कायदा किती विचारतात, कुठली पुस्तकं वाचू, आपल्या उच्चारांची अडचण होते का, दोन वर्षांपूर्वी स्पीडिंगबद्दल लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट मिळालेत त्याचं काय, आणि ह्या कामासाठी कंपनी वेळ देईल का.

मी मिडलंड्समध्ये चौदा वर्षं मॅजिस्ट्रेट होते. शेवटची पाच वर्षं उमेदवारांच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवरही बसले. आता निवृत्त झालेय म्हणून हे लिहितेय. बेंचवर, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या पदावर, असताना आपली ओळख सांगून असं जाहीर लिहिण्याची मुभा नसते. पॅनेलचे खरे प्रश्न मात्र फोडणार नाही. पुढची उदाहरणं मी माझ्या स्वयंपाकघरात बसून रचलेली आहेत.

पुस्तकांचं आधी उरकते. एकही वाचू नका. कायदा कुणी विचारत नाही. कोर्टात तुमच्या पुढ्यात लीगल ॲडव्हायझर बसलेला असतो, कायदा सांगणं त्याचं काम. तुम्ही तिघं मागच्या उंच टेबलाशी, मधे प्रिसायडिंग जस्टिस, म्हणजे तिघांतला प्रमुख, आणि दोन्ही बाजूंना दोन 'विंगर'. तुम्ही विंगर म्हणून सुरुवात करणार, सोबत एक अनुभवी मेंटॉर असणार, ट्रेनिंग नेमणुकीनंतर मिळणार. कुठल्याही डिग्रीची अट नाही. माझ्यासोबत बसलेल्यांत बस ड्रायव्हर होता, शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारी बाई होती, एक निवृत्त सर्जन होते. सगळ्यांत कच्चे सर्जन होते, कारण त्यांना प्रत्येक केसचं निदान दोन मिनिटांत व्हायचं.

त्या सर्जनची आठवण मुद्दाम काढली, कारण पहिल्या अर्जाच्या वेळी माझंही हेच झालं होतं आणि मी नापास झाले होते.

तेव्हा मुलाखतीच्या दोन फेऱ्या असत. (२०२२ साली पद्धत बदलली. आता फॉर्म, ऑनलाइन चाचणी, मग मुलाखत.) मी सासर-माहेर दोन्हीकडे हुशार म्हणून ओळखली जाणारी, बी. फार्म. पहिल्या वर्गात. मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा, हे आपल्या हाडीमांसी खिळलेलं. एक प्रसंग सांगून काय कराल असं त्यांनी विचारलं, आणि मी वाक्य संपायच्या आत उत्तर दिलं. दुसरा प्रसंग, पुन्हा तेच. शेवटी मधल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला आणखी काही माहिती हवी होती का?" मी म्हणाले, "नाही, इतकी पुरेशी आहे." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, छान झाली. महिन्याभरानं नकाराचं पत्र आलं.

त्या बाईंनी मला दोर टाकला होता आणि मी तो बाजूला सारून बुडाले, हे कळायला मला पॅनेलच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसावं लागलं. तिथे बसल्यावर आम्ही 'बरोबर उत्तर' ऐकतच नव्हतो. हा माणूस उत्तरापर्यंत कसा पोचतो, वाटेत कुणाचं ऐकतो, कुठे थबकतो, आपण चुकतोय असं दिसलं तर वळतो का, ते ऐकत होतो.

आपली अडचण मला वाटतं रामशास्त्री आहेत. न्यायाधीश म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे प्रभुणे उभे राहतात. बाणेदार, एकटे, निःस्पृह. मराठी उमेदवार मुलाखतीत नेमका तो आव आणतो : "समोर कुणीही असो, मी सत्याचीच बाजू घेईन." ऐकायला भारदस्त. पण इथलं काम एकट्याचं नाही, तिघांचं आहे. रिटायरिंग रूममध्ये, म्हणजे कोर्टामागच्या विचारविनिमयाच्या खोलीत, चहाचे मग पुढ्यात घेऊन तुम्ही दोन अनोळखी माणसांशी बोलून ठरवायचं असतं. एकमत नाही झालं तर बहुमत. तुमचं मत पडलं तरी बाहेर येऊन तोच निकाल तुमचाही असतो. अमक्याचा विरोध होता असं कोर्टात कधीच सांगितलं जात नाही. बाणेदारपणाला तिथे जागा थोडी, ऐकून घेण्याला फार.

रामशास्त्रींवरून एक प्रसंग देते. समजा, नाव पुकारलं जातं आणि डॉकमध्ये, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात, येऊन उभा राहतो तो तुमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला ढोल वाजवणारा मुलगा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप. तुम्ही काय कराल? दहातले सात देशी उमेदवार म्हणतील, मी ओळख बाजूला ठेवून निःपक्षपातीपणे निर्णय देईन. चूक. ताबडतोब लीगल ॲडव्हायझरला सांगायचं आणि त्या केसपुरतं उठायचं. तुम्ही मनातून कितीही स्वच्छ असा, मागे पब्लिक गॅलरीत बसलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्याला दिसतं ते इतकंच, की ह्याची त्याची ओळख होती आणि हा तिथेच बसून राहिला. आपल्या लोकांना हा फरक पटायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे सचोटी ही स्वतःची स्वतःशी असते. इथे ती दाखवावी लागते. आणि हो, घरी येऊन बायकोलाही सांगायचं नाही की आज तो आला होता. रेडिंगसारख्या गावात, जिथे दर दिवाळीला तेच दीडशे लोक भेटतात, हे वाटतं तितकं सोपं नाही.

सध्या पाच गुण पाहतात. दुसऱ्याची बाजू समजून घेणं. आदरानं, समोरच्याला लागणार नाही असं बोलणं. लोकांसोबत नीट काम करणं. निःपक्ष आणि कारणं उघड सांगता येतील असे निर्णय घेणं. आणि स्वतःला ओळखून शिकायची तयारी ठेवणं. पहिल्या चारांत तुम्हाला काही ना काही सुचेल. पाचव्यात आपण अडतो. "तुमची चूक झाली असा प्रसंग सांगा" म्हटलं की आपण चुकीच्या नावाखाली गुण सांगतो : मी फार काम करतो, मला सगळं परफेक्ट लागतं. असली उत्तरं पॅनेलनं त्याच सकाळी दोनदा ऐकलेली असतात.

दुसऱ्या खेपेला मी काय सांगितलं ते सांगते. मी तेव्हा एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होते. एक माणूस रोज सकाळी मेथाडोन घ्यायला यायचा. हेरॉइन सोडवण्यासाठी देतात ते, बऱ्याच जणांना काउंटरसमोरच प्यावं लागतं. हिरवं पातळ औषध, छोट्या प्लास्टिकच्या कपात. त्या आठवड्यात रेझर ब्लेडची पाकिटं कमी भरत होती. मी कुणाला न विचारता मनात ठरवून टाकलं आणि दुकानातल्या मुलीला म्हणाले, तो आला की त्याच्या मागे राहा. चार दिवस ती राहिली. मग कॅमेऱ्यात पाहिलं तर पाकिटं घेणारी एक टापटीप बाई होती, बाबागाडीच्या खालच्या जाळीत टाकत होती. तिच्याशी मी रोज हवापाण्याच्या गप्पा मारत असे. दुसऱ्या दिवशी तो माणूस औषध प्यायला, कप परत दिला आणि म्हणाला, "आज तुमची मुलगी माझ्या मागे नाही आली." मी काहीच बोलले नाही. माफी मागायला मला आणखी दोन दिवस लागले.

पॅनेलवरच्या गृहस्थांनी विचारलं, "दोन दिवस का?" मी म्हणाले, लाज वाटत होती. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं संपलं. त्याच वेळी माझी निवड झाली.

तुमच्याकडेही असा प्रसंग असेल. ऑफिसातला असलाच पाहिजे असं नाही. "आमच्या टीमनं सिस्टिम वेळेत लाइव्ह नेली" ह्यातून पॅनेलला काही हाती लागत नाही. एक तर त्यात 'आम्ही' आहे. मी मी करू नये असं आपल्याला लहानपणी शिकवलेलं असतं, पण 'आम्ही'त तुम्ही नेमकं काय केलंत ते कळत नाही, आणि पॅनेल त्यासाठीच तर बसलेलं असतं. दुसरं म्हणजे त्यात माणूसच नाही. मंडळाच्या हॉलच्या भाड्यावरून दोन गट पडले आणि तुम्ही खजिनदार होतात, हे सांगा. कोण काय म्हणालं, तुम्हाला आधी कोण बरोबर वाटलं, नंतर काय कळलं. समाजाचं ऋण फेडायचंय, हे वाक्य मात्र दारातच ठेवून या. खरं असलं तरी सगळेच ते म्हणतात.

आता तयारी. मी एकच सांगते : कोर्टात जाऊन बसा. अर्ज करण्याआधी कोर्ट पाहिलेलं असणं अपेक्षितच असतं, पण एकदा अर्धा तास डोकावून येऊ नका. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा, पूर्ण सकाळ. परवानगी लागत नाही. दारात बॅग तपासतात, मग हातात यादी घेऊन फिरणाऱ्या अशरला, म्हणजे कोर्टातल्या मदतनीसाला, विचारा, आज बघण्यासारखं कुठल्या कोर्टात आहे. ते आनंदानं सांगतात. मोबाइल बंद. मुलांचं आणि कौटुंबिक कोर्ट लोकांना खुलं नसतं, तिकडे जाऊ नका.

गेल्यावर वही काढून कलमं लिहीत बसू नका, आकड्यांमागचा माणूस बघा. उदाहरणार्थ, विमा नसताना गाडी चालवली ही रोजची केस. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, वकील नाही, गुन्हा कबूल. मधल्या बाई त्याला विचारतात, आठवड्याला हातात किती येतात? तो म्हणतो, चारशे पौंड. ह्या गुन्ह्याला साधारणपणे आठवड्याच्या कमाईच्या दीडपट दंड धरतात, म्हणजे सहाशे. पहिल्याच तारखेला कबुली दिली म्हणून एक तृतीयांश माफ, राहिले चारशे. त्यावर पीडितांच्या निधीसाठी दंडाच्या ४० टक्के सरचार्ज, १६० पौंड. शिवाय सरकारी पक्षाचा खर्च. ह्याच गुन्ह्याला दुसऱ्याला वेगळा दंड का, हे तिथे बसलं की आपोआप कळतं. आणि मग सहा पॉइंट. मुलाला वाटतं, दंड भरला की सुटलो. पण लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर सहा पॉइंटांवर ते रद्दच होतं, पुन्हा परीक्षा. डिलिव्हरीचं काम करत असेल तर त्या दिवशी त्याची नोकरी गेली. त्याला हे कोण सांगतं, कसं सांगतं, तो ऐकून खाली बघतो की आईकडे, हे बघा. मुलाखतीत "कोर्टात काय पाहिलंत" ह्या प्रश्नाला "कामकाज फार शिस्तीत चालतं" म्हणणारे डझनावारी असतात. त्या मुलाबद्दल सांगणारा एखादाच, तो लक्षात राहतो.

घरी एक खेळही खेळा, बायको आणि एखादा मित्र घेऊन. चार गुन्हे कागदावर लिहा. दुकानातून बाळाच्या दुधाचे दोन डबे उचलणारी आई. म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला येऊन तिच्या पर्समधून वीस पौंड घेणारी. दारूच्या नशेत रस्त्यावरच्या पाच गाड्यांचे आरसे लाथेनं तोडणारा विद्यार्थी. वर्षभर विमा न काढता व्हॅन चालवणारा दुकानदार. सर्वांत गंभीर कुठला? प्रत्येकानं गुपचूप क्रम लावायचा, मग बोलायचं. बहुतेकांचं आधी पैशाकडे लक्ष जातं आणि वीस पौंडवाली शेवटी पडते. मग कुणीतरी म्हणतं, अहो, ती बाई उद्यापासून कुणालाही दार उघडणार नाही. नुकसान किती आणि करणाऱ्याचा दोष किती ही दोन निराळी मापं आहेत, हे तिथे उमगतं. क्रम बदला किंवा बदलू नका, पण का ते तिघांना ऐकू जाईल असं सांगा. दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडलंत तर त्या वेळी स्वतःला पकडा. बायको पकडेलच.

एका विषयावर जरा कडक बोलते. घरातल्या मारहाणीच्या केसेस मॅजिस्ट्रेट कोर्टात सतत येतात. "नवराबायकोचं भांडण, कोर्टानं कशाला पडायचं" किंवा "टाळी एका हातानं वाजत नाही" असं काही तुमच्या मनात तळाशी असेल, तर ते आत्ता वर काढून बघा. मुलाखतीत लपवता येईल असं समजू नका. फिरवून विचारलं की ते बाहेर येतं, मी येताना पाहिलंय, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून.

उच्चारांचं विचारलंत. काळजी करू नका. स्कॉटिश माणसाचं बोलणं मला पहिली दोन वर्षं कळत नसे, त्याचंही बेंचवर काही अडलं नाही. फक्त सावकाश बोला, आणि प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. न कळता मान हलवणं ही आपली खोड आहे. कोर्टात ती घातक, कारण समोर कुणाचा तरी निकाल असतो. पॅनेलही ते टिपतं.

स्पीडिंगचे तीन पॉइंट : सांगून टाका. साध्या वाहतूक गुन्ह्यानं दार बंद होत नाही, लपवल्यानं मात्र नक्की होतं. फॉर्ममध्ये आणि मुलाखतीत एक प्रश्न हमखास असतो, तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या, जवळच्या मित्रांच्या आयुष्यात असं काही आहे का, जे उघड झालं तर तुम्हाला किंवा मॅजिस्ट्रेट ह्या पदाला कमीपणा येईल? मेव्हण्याची दिवाळखोरी, भावाची केस, सगळं ह्यात येतं. आपल्याकडे घरातलं बाहेर काढत नाहीत, माहीत आहे मला. तरी काढा.

नागरिकत्वाची अट नाही, पण राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून ती घ्यायला तुमचं मन तयार आहे का, हे अर्ज भरायच्या आधी ठरवा. शपथविधीच्या दिवशी नको. दुसरी शपथ न्यायदानाची, सर्वांना भीती, मेहेरबानी, ममत्व किंवा आकस न धरता न्याय देईन अशी. गीतेवर हात ठेवून घेता येते, धर्मग्रंथाशिवायही घेता येते. मी गीतेवर घेतली. साताऱ्याला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्या कुलकर्णीकाकांसारखी विशेष कार्यकारी अधिकारी ना? मग दाखल्यांवर सह्या करशील?" मी तिला सांगितलं, अगं, तुरुंगात पण पाठवता येतं. त्यावर ती बराच वेळ गप्प. (आज ती मर्यादा एका गुन्ह्याला बारा महिन्यांपर्यंत आहे. २०२२ साली सहाची बारा झाली, २०२३ मध्ये पुन्हा सहा, नोव्हेंबर २०२४ पासून परत बारा.) नावापुढे जे.पी. (जस्टिस ऑफ द पीस, मॅजिस्ट्रेटचंच दुसरं नाव) लावता येतं. आपल्या नाना शंकरशेटांच्या नावापुढे मुंबईत लागायचं तेच. ह्या पदाचा कायदा १३६१ सालचा. पण ते लेटरहेडवर छापून मंडळात मिरवायचा बेत असेल तर पॅनेलला त्याचा वास येतो.

आणखी एक, अर्ज करतानाच फौजदारी की कौटुंबिक कोर्ट ते निवडावं लागतं. कौटुंबिकमध्ये मुलं कुणाकडे राहणार ह्यासारखे निर्णय असतात. तिथे सकाळ सरत नाही, आणि घरी आल्यावर जेवण जात नाही. लहान मुलं असतील तर पहिली काही वर्षं फौजदारीच घ्या असं माझं मत. माझ्या मैत्रिणींचं उलट आहे.

शेवटी कंपनी. वर्षाला किमान १३ दिवस बसावं लागतं, ट्रेनिंग वेगळं, आणि निदान पाच वर्षं द्यावीत अशी अपेक्षा असते. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टच्या ५०व्या कलमाप्रमाणे मालकानं ह्या कामासाठी वाजवी वेळ सोडलं पाहिजे. पगार दिलाच पाहिजे असं मात्र कायदा म्हणत नाही. बुडालेल्या पगाराचा भत्ता ठरावीक मर्यादेपर्यंत मागता येतो, प्रवासखर्च मिळतो. पण तुमचा मॅनेजर तोंडी 'हो हो, छान' म्हणाला म्हणजे झालं असं धरू नका. तारखा बऱ्याच आधी ठरतात, आणि आयत्या वेळी "रिलीज आहे, जमणार नाही" म्हणत फोन करणारा विंगर कुणालाच नको असतो. दोघांवर बेंच चालवावं लागतं, कधी केसच पुढे ढकलावी लागते, आणि साक्षीला आलेली बाई अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून तशीच परत जाते. पॅनेल हे खोदून विचारेल. तेव्हा आधी मॅनेजरकडून ईमेलवर होकार घ्या, मग एक मंगळवार मोकळा काढून रेडिंगच्या कोर्टात जाऊन बसा, आणि त्या रात्री फॉर्म उघडा.